मिऱ्यांचें जहाज

इ. स. १६०६ च्या सप्टेंबर महिन्याच्या मध्यास पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिच्या जवळच्या किनाऱ्यावर एक विलक्षण देखावा दृष्टीस पडत होता. वादळानें खवळलेल्या पाण्यावर काळ्या दाण्यांची दाट साय पसरली होती, आणि ती भरतीबरोबर नदींत व ओहोटीबरोबर समुद्राच्या कांठाकांठानें वाहत चालली होती. आसपासच्या वस्त्यांतील लोक लहान होड्या घेऊन ती साय पाण्यावरून निपटून नेत होते. राजाचे शिपाई त्यांस हांकलीत होते आणि राजाचे अंमलदार हातीं लागेल तेवढा माल गोळा करून वाळत घालण्याच्या खटपटींत होते. त्याच लाटांबरोबर माणसांचीं प्रेतेंही किनाऱ्यास लागत होतीं. परंतु गर्दी जमली होती ती मुख्यतः त्या काळ्या दाण्यांसाठीं.

ते दाणे म्हणजे मलबारचीं काळीं मिरीं. आज कोणत्याही वाण्याच्या दुकानीं पुडींत बांधून मिळणारा हा जिन्नस त्या काळीं युरोपांत इतका मोलाचा होता कीं, पोर्तुगालच्या राजानें त्याच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे ठेविला होता. ज्या जहाजांतून तीं मिरीं आलीं, त्याचें नांव ‘नोस्सा सेन्योरा दुश मार्तिरिश’, म्हणजे ‘हुतात्म्यांची माउली’. सुमारें आठ महिन्यांचा प्रवास करून, दोन महासागर ओलांडून आलेलें हें जहाज आपल्या घराच्या उंबरठ्यावर, टॅगस नदीच्या मुखाशीं, किल्ल्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालें. पुढें जवळजवळ चारशें वर्षांनीं पाणबुड्यांनीं त्याचा सांपळा शोधून काढला, आणि जें ज्ञान कोणत्याही दप्तरांत उरलें नव्हतें तें त्या सांपळ्यानें दिलें.

वास्को द गामा १४९७ सालीं लिस्बनहून निघून १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतजवळ पोहोंचला, ही गोष्ट शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. त्या सफरीनंतर पोर्तुगीजांनीं हिंदुस्थानाशीं जो नियमित जहाजी क्रम सुरू केला, त्यास ते ‘काररैरा दा इंदिया’, म्हणजे हिंदुस्थानची वाट, असें म्हणत. हा क्रम सर्वस्वीं वाऱ्यांच्या मर्जीनें बांधलेला होता. मार्च-एप्रिलच्या सुमारास लिस्बनहून शिडें उभारावयाचीं, आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालावयाचा, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या पाठबळावर सप्टेंबरच्या सुमारास गोवें गांठावयाचें. मग कोचीनकडे मिरीं भरून डिसेंबर-जानेवारींत ईशान्य वाऱ्यावर परत फिरावयाचें. एखाद्या जहाजास निघण्यास महिनाभर उशीर झाला तर कधीं कधीं वाटेंतच एक हंगाम काढावा लागे. मार्तिरिश १६०५ सालीं लिस्बनहून निघालें आणि त्याच वर्षीं गोव्यास लागलें. १६०६ च्या जानेवारींत तें मिरीं भरून परत निघालें. त्याचा कप्तान मानुएल बार्रेतु रोलिं हा होता.

हीं जहाजें ‘नाउ’ या जातीचीं होतीं. लॅटिन भाषेंतून आलेला हा शब्द व आपला संस्कृत ‘नौ’ हे एकाच कुळांतले. नाउ म्हणजे उंच बुरुजांसारख्या पुढच्या-मागच्या माड्यांचें, रुंद पोटाचें, अनेक मजल्यांचें अवजड जहाज. पोटांत मिरीं, त्यांवर दालचिनी, कापड, चिनी मातीचीं भांडीं, आणि त्यांवर माणसें, त्यांच्या पेट्या, कोंबड्या, पाण्याचीं पिंपें. परतीच्या जहाजांवर माल इतका लादीत कीं, तत्कालीन लोकांनींच त्याविषयीं वारंवार तक्रारी केल्या आहेत. खलाशांस आपल्या हिश्शाची थोडी जागा खासगी व्यापारासाठीं मिळत असे व ती जागा मोकळी ठेवणें कोणासच परवडण्यासारखें नव्हतें.

सबंध महासागर ओलांडून आलेलें जहाज नदीच्या तोंडाशींच कसें बुडतें, याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. खुल्या समुद्रांत जहाजास भय वादळाचें. परंतु तेथें आदळावयास कांहीं नसतें. नदीच्या मुखाशीं मात्र सर्व संकटें एकत्र जमलेलीं असतात. नदी आपल्याबरोबर जी वाळू व माती घेऊन येते ती, प्रवाह समुद्राच्या पाण्यास भिडून मंद झाला कीं, तेथेंच खालीं बसते. तिचा मुखाशीं आडवा बांध तयार होतो. हा बांध स्थिर नसतो. पुरानें, लाटांनीं, भरती-ओहोटीनें तो सरकत राहतो, आणि गेल्या वर्षींची खोल वाट यंदां उथळ झालेली असते. त्यांतून ओहोटीचें पाणी जोरानें बाहेर पडत असतां समोरून महासागराच्या लाटा आल्या, तर त्या लाटा आखूड व उंच होऊन बांधावर फुटूं लागतात. कोंकणांतील कोणत्याही खाडीच्या तोंडाशीं उधाणाच्या दिवशीं ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें तर हा प्रकार लहान प्रमाणांत पाहावयास मिळतो. तेथील तांडेल अशा वेळीं होडी बाहेरच धरून ठेवतो व भरतीची वाट पाहतो.

टॅगस ही स्पेनच्या डोंगरांत उगम पावून सुमारें एक हजार किलोमीटर वाहत येणारी नदी. लिस्बनपाशीं तिचें पात्र प्रथम एखाद्या सरोवरासारखें पसरतें, मग अरुंद होतें व त्यानंतर समुद्रास मिळतें. मुखाशीं ‘काशोपु’ नांवाचे दोन वाळूचे उथळे आहेत आणि त्यांमुळें आंत शिरण्यास दोनच वाटा राहतात. दक्षिणेकडची रुंद व खोल. उत्तरेकडची अरुंद, आणि तिच्या अगदीं कडेला खडकावर सांव जुलियांव दा बार्रा नांवाचा किल्ला. वारा व प्रवाह अनुकूल असतील तर उत्तरेची वाट जवळची. प्रतिकूल असतील तर तिच्यासारखी घातक दुसरी नाहीं. शिडाच्या जहाजास मागें फिरतां येत नाहीं, थांबतां येत नाहीं, आणि वारा पडला तर सुकाणूंतही जीव राहत नाहीं. कारण जहाज पाण्यापेक्षां वेगानें चालत असेल तरच सुकाणूला पाणी धरतां येतें.

मार्तिरिशच्या बरोबर ‘साल्व्हासांव’ नांवाचें दुसरें जहाज होतें. हीं जहाजें नदीच्या मुखाबाहेर पोहोंचलीं तों दक्षिणेकडून वादळ सुटलें. मुखाच्या पश्चिमेस कशकैश नांवाचें गांव आहे, त्याच्या समोर जहाजांनीं नांगर टाकले. साल्व्हासांवचे नांगर टिकले नाहींत. तें कशकैशच्या वाळूवर जाऊन लागलें. ही हानि खरी, परंतु वाळूवर लागलेल्या जहाजांतून माणसें तरी उतरतात. मार्तिरिशच्या कप्तानानें तेथें राहण्यापेक्षां नदींत शिरण्याचा निश्चय केला. वादळांत नांगरावर लटकत राहणें व अरुंद वाटेनें आंत घुसणें या दोहोंतून निवड करावयाची होती. शेजारच्या जहाजाचे नांगर तुटलेले त्यानें पाहिले होते. घरांत बसून त्याला दोष देणें सोपें आहे. जहाज उत्तरेच्या वाटेंत शिरलें, पाण्याखालच्या एका खडकावर आदळलें आणि किल्ल्यासमोरच थोड्या अवधींत फुटून बुडालें. मृतांमध्यें जपानांतून रोमकडे निघालेला फ्रान्सिश्कु रोद्रिगिश नांवाचा एक जेझुइट पाद्रीही होता. जगाच्या दुसऱ्या टोंकाहून निघून तो आपल्या देशाच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोंचला होता.

तळाचीं कोठारें फुटतांच मिरीं बाहेर पडलीं. हीं मिरीं पोत्यांत भरलेलीं नव्हतीं. लांकडी कोठारांत मोकळींच ओतून वरून फळ्या ठोकून फटी बुजविलेल्या असत. त्यामुळें कोठार फुटलें कीं सर्व माल एकदम पाण्यावर येई. किनाऱ्यावरील त्या काळ्या सायीचा उगम हा असा.

त्यानंतर जहाजाचा विसर पडला, असें म्हणतां येणार नाहीं. कागदोपत्रीं तें बुडाल्याची नोंद होती. परंतु तें कसें होतें, त्याची लांबी किती, फांसळ्या कशा बसविल्या होत्या, फळ्या किती जाड होत्या, हें कोणीं लिहून ठेवलें नव्हतें. त्या काळचे जहाज बांधणारे सुतार नकाशे काढून काम करीत नसत. त्यांची विद्या हातांत व डोळ्यांत असे, आणि बापाकडून मुलाकडे जाई. कांहीं विद्वानांनीं ग्रंथ लिहिले. त्यांत फेर्नांदु ऑलिव्हैरा नांवाच्या पाद्र्यानें १५८० च्या सुमारास नाउ बांधण्याविषयीं लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. पण ग्रंथांतलें जहाज व गोदींतलें जहाज हीं एकच होतीं काय, याचा पडताळा पाहावयास साधन नव्हतें. उरलीसुरली आशा दप्तरांची. तर १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बनला भूकंपानें, समुद्राच्या लोंढ्यानें व आगीनें असें कांहीं गांठलें कीं, हिंदुस्थानच्या व्यापाराचें दप्तर जेथें ठेविलें होतें ती ‘काझा दा इंदिया’ ही कचेरी तिच्या कागदांसह नष्ट झाली. कागद होते ते जमिनीवर, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या दगडी इमारतींत. ते गेले. लांकूड होतें तें नदीच्या मुखाशीं, लाटांच्या माऱ्याखालीं. तें राहिलें.

तें राहिलें कसें, हें समजून घेण्यासारखें आहे. समुद्राच्या पाण्यांत लांकडाचा मोठा शत्रु म्हणजे लांकूड पोखरणारा किडा. दिसावयास तो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. उघड्या पाण्यांत पडलेली जाड तुळईसुद्धां तो थोड्या वर्षांत चाळणीसारखी करून टाकतो. परंतु या किड्यास श्वासासाठीं प्राणवायू लागतो, आणि वाळूच्या जाड थराखालीं प्राणवायू नसल्यासारखाच असतो. जहाजाचा वरचा भाग फुटून विखुरला, पोखरला व नाहींसा झाला. तळाचा एक तुकडा मात्र खडकांच्या मधल्या जागेंत अडकला, त्यावर मालाचें व दगडांचें ओझें बसलें व वर वाळू साचली. असा हा तुकडा सुमारें बारा मीटर लांब व सात मीटर रुंद होता. चाळीस मीटर लांबीच्या जहाजाच्या मानानें तो फार नव्हे. परंतु तो नेमका कण्याजवळचा होता, आणि जहाजाची सगळी घडण कण्यापासून सुरू होते. कोंकणांतील होड्या बांधणारे सुतार या कण्यास पठाण म्हणतात.

पाण्याखालीं पद्धतशीर उत्खनन करण्याची कला तशी नवीच. १९४३ सालीं कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं पाठीवर हवेची टाकी बांधून मोकळेपणीं पोहतां येईल असें साधन सिद्ध केलें. १९६० सालीं जॉर्ज बास नांवाच्या अमेरिकन संशोधकानें तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, गेलिदोन्या भूशिराजवळ, एका प्राचीन जहाजाचें उत्खनन स्वतः पाण्यांत उतरून, जमिनीवरच्याच काटेकोरपणानें केलें. तोंपर्यंत विद्वान वर नावेंत बसत आणि पाणबुडे हाताला येईल तें वर आणून देत. हा फरक लहान वाटतो, परंतु खरें म्हटलें तर त्यांतच सर्व कांहीं आलें. एखादी चिनी थाळी कपाटांत ठेवली तर ती केवळ सुंदर थाळी असते. तीच थाळी कोणत्या फळीवर, कोणत्या वस्तूच्या शेजारीं, मिऱ्यांच्या थराच्या वर कीं खालीं सांपडली, हें कळलें तर ती कोणाची होती, कोठें ठेवली होती, जहाज कोणत्या कुशीवर कलंडलें, हेंही कळूं लागतें. ती थाळी एकदां उचलली कीं हें ज्ञान पुन्हां मिळत नाहीं.

आणि अशा थाळ्या उचलणारे हात पुष्कळ होते. पाठीवरची टाकी बाजारांत मिळूं लागतांच हौशी पाणबुडे टॅगसच्या मुखाशीं बुड्या मारूं लागले. किल्ल्यासमोर तोफा पडल्या आहेत हें त्यांस लौकरच कळलें, व १९७० नंतरच्या वर्षांत तेथून बऱ्याच वस्तु नाहींशा झाल्या. याहून मोठें संकट कायद्याच्या वाटेनें आलें. १९९३ सालीं पोर्तुगालांत असा कायदा झाला कीं, बुडालेल्या जहाजांतील माल काढण्यास धंदेवाईक कंपन्यांस परवाने द्यावे व मालाचा वांटा त्यांस मिळावा. सरकारास वाटलें असेल कीं, खर्च न करितां संग्रहालयें भरतील. परंतु ज्यास वांटा सोन्याचा व चिनी मातीच्या भांड्यांचा मिळावयाचा, तो कुजट लांकडाच्या फांसळ्या मोजीत दिवस घालवील, अशी अपेक्षा करणें हा भाबडेपणाच होय. विद्वानांनीं फार ओरड केली; १९९५ सालीं त्या कायद्याची अंमलबजावणी थांबविण्यात आली आणि १९९७ सालीं तो रद्द झाला. त्याच वर्षीं पाण्याखालच्या पुराणवस्तूंसाठीं एक स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निघालें. पुढें २००१ च्या नोव्हेंबरांत युनेस्कोनें या विषयावर आंतरराष्ट्रीय करार संमत केला. शंभर वर्षें पाण्याखालीं राहिलेल्या अवशेषांस तो लागू आहे. त्याचें मुख्य तत्त्व असें कीं, अशा अवशेषांचा व्यापार करूं नये आणि शक्य तेथवर ते होते तेथेंच जपावे. हा करार २००९ सालीं अमलांत आला.

मार्तिरिशचें लांकूड १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच सांपडलें होतें. परंतु काम जोरानें सुरू झालें तें एका उत्सवाच्या निमित्तानें. वास्को द गामाच्या सफरीस १९९८ सालीं पांचशें वर्षें होत होतीं आणि लिस्बनला महासागर या विषयावर मोठें जागतिक प्रदर्शन भरावयाचें होतें. हिंदुस्थानच्या वाटेवरचें एक खरेंखुरें जहाज तेथें दाखवावें, अशी कल्पना निघाली. १९९६ पासून दोन वर्षें उत्खनन चाललें. प्रदर्शनानंतर फिलिप व्हिएरा द काश्त्रु या संशोधकानें अमेरिकेंतील टेक्सस येथील विद्यापीठाच्या साहाय्यानें लांकडाच्या अभ्यासाचें काम पुढें चालू ठेवलें आणि २००५ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. गर्दी प्रदर्शनांतील वस्तु पाहून गेली. लांकडाच्या मोजमापासाठीं मागें राहिले ते थोडेच. आणि या प्रकरणांतलें खरें फळ त्यांच्याच पदरीं पडलें.

तेथें काम कसें चाले, हें पाहण्यासारखें आहे. जागा सुमारें दहा मीटर खोल. ही खोली फार नव्हे, परंतु महासागराची लाट तेथें तळापर्यंत पोहोंचते, व पाणबुड्या हातांत मोजपट्टी धरून पुढें-मागें झुलत राहतो. नदीचा गाळ आला कीं हातभर अंतरावरचें दिसत नाहीं. भरती-ओहोटीच्या मधला पाणी थबकण्याचा वेळ हाच कामाचा वेळ. वाळू फावड्यानें उपसतां येत नाहीं. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या एका रुंद नळीनें ती हळूहळू शोषून दूर टाकावी लागते. ती शोषून घेत असतां हातानें वारा घातल्यासारखें करून कण न् कण मोकळा करावा लागतो, म्हणजे मिऱ्याचा दाणाही नजरेंतून सुटत नाहीं. खडकांत पक्क्या खुणा ठोकून प्रत्येक वस्तूचें अंतर त्या खुणांपासून मोजतात व प्लॅस्टिकच्या पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीनें लिहून घेतात. शाई पाण्याखालीं निरुपयोगी. शाळकरी पोराची पेन्सिल मात्र तेथें उत्तम चालते.

लांकडावरची वाळू दूर होऊं लागली, तेव्हां प्रथम मिऱ्यांचा थर लागला. चारशें वर्षें खाऱ्या पाण्यांत राहूनही दाणे दाण्यांच्या आकाराचे होते. त्यांच्यामध्यें चीनच्या वान्-ली बादशहाच्या कारकीर्दींतील निळ्या नक्षीच्या थाळ्या, कथलाच्या मिश्रधातूचीं युरोपीय ताटें, पूर्वेकडील मोठे मातीचे रांजण, पाण्याची खोली मोजण्याचीं शिशाचीं वजनें व नकाशावर अंतर मोजण्याचे कंपास मिळाले. जपानी तलवारीच्या मुठीची एक धातूची चकतीही निघाली. जपानांतून येणाऱ्या त्या पाद्र्याच्या सामानांतली ती असावी, असा तर्क कोणासही सुचेल. पण लिस्बनच्या जहाजावर जपानी वस्तु आणणारा तोच एक होता, असें धरून चालण्याचें कारण नाहीं.

सर्वांत मोलाचीं ठरलीं तीं तीन यंत्रें. आपल्याकडील ज्योतिष्यांनीं ज्यास यंत्रराज म्हटलें, त्याचेंच हें खलाशांसाठीं केलेलें साधें व अवजड रूप. जाड पितळी कडें, त्यावर अंशांच्या खुणा व मध्यें फिरणारी पट्टी. वाऱ्यानें हलूं नये म्हणून कडें मुद्दाम पोकळ व जड केलेलें. भर दुपारीं तें अंगठ्यास टांगून, पट्टीवरच्या दोन छिद्रांतून सूर्याचा किरण आरपार गेला म्हणजे सूर्याची उंची अंशांत वाचावयाची. ज्या दिवशीं सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो, त्या दिवशीं नव्वदांतून ही उंची वजा केली कीं अक्षांश निघतो. गोव्यास त्या दिवशीं सूर्य सुमारें साडेचौऱ्याहत्तर अंशांवर दिसेल, म्हणजे गोव्याचा अक्षांश साडेपंधरा. लिस्बनला तोच सूर्य सुमारें एक्कावन्न अंशांवर. इतर दिवशीं कोष्टकांतून थोडी दुरुस्ती करावी लागे. पूर्व-पश्चिम अंतर कळण्याचा असा उपाय तेव्हां कोणापाशींही नव्हता. तें अनुभवानें व अंदाजानें ठरे. इतक्या तुटपुंज्या साधनांवर हीं माणसें अर्ध्या पृथ्वीची वाट काढीत.

त्या तीनांपैकीं एका यंत्रावर तें केल्याचें साल कोरलेलें होतें: १६०५. म्हणजे हें जहाज १६०५ पूर्वीं बुडालेलें असूं शकत नाहीं, आणि मार्तिरिश लिस्बनहून निघालें तें त्याच वर्षीं. मिरीं हिंदुस्थानचीं, थाळ्या वान्-लीच्या, जागा कागदपत्रांत सांगितलेली, आणि यंत्र प्रवासाच्या वर्षाचें. हे पुरावे एकत्र आल्यावर सांपळ्याचें नांव निश्चित करण्यास अडचण राहिली नाहीं. एकट्या थाळीनें तें झालें नसतें.

आतां लांकडाकडे वळूं. फांसळ्या बुचाच्या झाडाच्या, म्हणजे ज्या ओकाच्या सालीपासून बाटल्यांचीं बुचें करतात त्याच्या लांकडाच्या होत्या; बाहेरच्या फळ्या पाइन वृक्षाच्या, सुमारें अकरा सेंटीमीटर जाड. फळ्यांच्या सांध्यांत दोरखंडाच्या तंतूंबरोबर शिशाची दोरी ठांसलेली होती. पण संशोधकांस विशेष आनंद झाला तो फांसळ्यांवरच्या लहानशा खुणा पाहून. सुतारानें लोखंडी टोंकानें ओढलेल्या रेषा व कोरलेले आंकडे तेथें अद्याप स्पष्ट होते. कोणती फांसळी कितवी, ती कण्यावर कोठें बसवावयाची, तळ कोठें संपून बाजू कोठें सुरू होते, हें त्या आंकड्यांवरून कळे. म्हणजे ज्या सुतारांनीं कागदावर कांहीं लिहिलें नाहीं, त्यांनीं लांकडावर मात्र लिहून ठेविलें होतें. फांसळीगणिक तळ किती अरुंद होतो व किती उंच चढतो हें मोजून काश्त्रु यांनीं ऑलिव्हैराच्या ग्रंथाशीं ताडून पाहिलें, तों दोन्ही फार चांगलीं जुळलीं. त्यावरून कण्याची लांबी अठरा ‘रुमु’, म्हणजे पावणेअठ्ठावीस मीटरच्या सुमारास, सबंध जहाजाची सुमारें चाळीस मीटर व भार सहाशें टनांच्या आसपास, असा हिशेब बसला. रुमु म्हणजे सहा ‘पाल्मु द गोआ’. हें नांव ऐकून गोव्याचा या मापाशीं संबंध असेल असें वाटतें. पण हा ‘गोआ’ गोदींतील एका मोजमापाचें नांव आहे, शहराचें नव्हे.

पाण्यांत मुरलेलें लांकूड वर आणणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. त्याच्या पेशींत जीव उरलेला नसतो. केवळ पाण्यानें त्या फुगून राहिलेल्या असतात. तें तसेंच उन्हांत वाळविलें तर आकसतें, तडकतें व अखेर भुगा होतें. म्हणून पाण्याच्या जागीं हळूहळू मेणासारखा एक द्राव त्यांत मुरवावा लागतो. स्वीडनमध्यें १६२८ सालीं बुडालेलें ‘वासा’ हें जहाज १९६१ सालीं अखंड वर काढलें, तेव्हां त्यावर असा द्राव सतरा वर्षें शिंपडावा लागला. इतका खर्च, इतकी जागा व इतका धीर थोड्याच देशांपाशीं असतो. यामुळेंच लांकूड मोजून, चित्रें काढून, पुन्हां वाळूखालीं झांकून ठेवणें हा मार्ग संशोधक अधिकाधिक पत्करूं लागले आहेत.

टॅगसच्या मुखाशीं हें एकच जहाज निजलेलें नाहीं. चहाच्या व्यापारांत ‘कटी सार्क’शीं शर्यत लावणारें ‘थर्मोपिली’ नांवाचें प्रसिद्ध शिडाचें जहाज म्हातारपणीं पोर्तुगीज आरमाराच्या हातीं आलें, आणि १९०७ सालीं कशकैशसमोर तें आरमारानेंच टॉर्पेडो सोडून समारंभानें बुडविलें. जलसमाधि देण्याची ही तऱ्हा विचित्र खरी. याहून महत्त्वाचा शोध २०१८ च्या सप्टेंबरांत लागला. कशकैशसमोर बारा मीटर खोलीवर दुसऱ्या एका हिंदुस्थानी वाटेवरच्या जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत मिरीं, वान्-लीच्या काळचीं चिनी भांडीं व पोर्तुगालचें राजचिन्ह असलेल्या पितळी तोफा होत्या. हें जहाज १५७५ ते १६२५ या काळांतलें असावें, असा अंदाज बांधण्यात आला. त्याच ढिगांत कवड्याही होत्या. हिंदी महासागरांतल्या या कवड्या आफ्रिकेंत नाण्यांसारख्या चालत, आणि त्यांच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं जात. मिऱ्यांच्या शेजारीं त्या पडलेल्या पाहिल्या म्हणजे या व्यापाराची दुसरी बाजू डोळ्यांसमोर येते.

या वाटेचें दुसरें टोंकही नदीच्या मुखाशींच होतें. पावसाळ्यांत मांडवीचें मुख आग्वादच्या किल्ल्याजवळ वाळूच्या बांधानें अडून जाई व जहाजांना जुवारीच्या मुखाशीं, मुरगांवच्या आसऱ्यास जावें लागे. या दोन नद्यांच्या बाहेर पाण्याखालीं सुंची नांवाचा खडक आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं १९९७ नंतर तेथें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले. जागा इतकी उथळ कीं लाटा थेट अवशेषांवर आपटतात. त्यामुळें लांकूड हातीं लागलें नाहीं. मिळाले ते तोफेचे भाग, मोठे रांजण, चिनी भांड्यांचे तुकडे, आणि हत्तीचे सुळे व पाणघोड्याचे दांत. सुळे व दांत आफ्रिकेचे. तेव्हां हें जहाज लिस्बनहून किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्याकडे येत असावें, आणि तेंही बंदर दिसूं लागल्यावरच खडकावर चढलें. त्याचें नांव अद्याप निश्चित झालेलें नाहीं.